हौदापाशी रेंज आहे

खोडदला तुमच्या घरी मोबाईलला रेंज असते का, असं कोणी विचारलं की मी उलट विचारतो, घरात कुठं? ओट्यावर एक काडी येते. स्वयंपाकघरात तीही नाही. मधल्या खोलीत खिडकीच्या गजाला मोबाईल टेकवून धरला तर बोलणं होतं, पण चित्र हलत नाही. चक्र गोल गोल फिरत राहतं आणि आपण त्याच्याकडं बघत बसतो.

ह्यात कोणाचा दोष नाही, हे आधीच सांगतो. आमच्या शिवारात त्या अजस्र तबकड्या उभ्या आहेत, आकाश ऐकणाऱ्या. लाखो वर्षं वाट चालून आलेला आवाज त्यांना ऐकायचा असतो, आणि तो इतका बारीक असतो की शेजारी मोबाईलचा टॉवर जोरात बोलायला लागला तर सगळं मुसळ केरात. म्हणून आमच्या भागात टॉवर उभा करायचा तो विचारून-सवरून, लांब आणि तोंड दुसरीकडं करून. पाहुणे आले की मीच त्यांना बांधावर नेऊन तबकड्या दाखवतो, आणि दाखवताना छाती फुगते. पाहुणे गेले की मोबाईल डोक्यावर धरून अंगणात फिरणारा माणूसही मीच.

माझं नारायणगावात मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. पण चैत्र-वैशाखात, यात्रांच्या दिवसांत, मी दुकानात सापडत नाही. बैलगाडा शर्यतीचं लाईव्ह करायला घाटात असतो. घाट म्हणजे डोंगरातला रस्ता नव्हे. आमच्याकडं शर्यतीच्या धावपट्टीला घाट म्हणतात, चढाची सरळ पट्टी. खाली चार बैल जुंपायचे, पुढं घोडी पळते, तिच्या मागं बैल सुटतात, वर निशाण पडतं. एका पळीला बारी म्हणायचं. बारी अकरा-बारा सेकंदांत संपते, आणि त्या अकरा-बारा सेकंदांसाठी माणसं वर्षभर बैलाला पोटच्या पोरासारखं जपतात.

आमच्या घरात हे वेड माझ्या थोरल्या भावाचं. मी त्याला दादा म्हणतो. तो माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा, आवाज पहाडी, स्वभाव माझ्यासारखाच फटकळ, फक्त त्याला तो शोभतो. गाड्याची पुढची जोडी आमची, मागची चुलतभावांची. गेली वीसेक वर्षं जुंपणी दादाच करायचा. तो खालून ओरडला की वर निशाणापाशी उभ्या माणसाला भोंग्याशिवाय ऐकू जायचं.

पोळ्याच्या आधल्या आठवड्यात बांधावर ट्रॅक्टर कलंडला आणि दादा त्याखाली सापडला. कमरेचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, पाय गेलेले नाहीत. वॉकर घेऊन रोज चालला तर सहा महिन्यांत काठीवर येईल, पडून राहिला तर मात्र पाय कायमचे जातील. एवढं सरळ सांगूनही दादा मधल्या खोलीत कॉटवर पडला तो पडलाच. वॉकर भिंतीला टेकवलेला, त्यावर वहिनी टॉवेल वाळत घालायची. दादा खोलीच्या उंबऱ्याबाहेर येईना, कारण बाहेर आलं की अंगण, अंगणापुढं रस्ता, आणि रस्त्यानं जाणारा प्रत्येक जण म्हणणार, "दादा, कसं हाय आता?" हा प्रश्न त्याला सहन होत नव्हता. ज्या माणसाच्या आवाजानं घाट हलायचा त्याला वॉकर धरून बायकोच्या मागं पावलं टाकताना कोणी बघू नये, एवढंच त्याचं म्हणणं.

सात महिने तो गोठ्यात गेला नाही. बैल तिथून हंबरायचे. तो भिंतीकडं तोंड करायचा. सगळ्यात वाईट म्हणजे तो कोणाला बोलेना. पूर्वी दिवसातून चार वेळा मला शिव्या घालायचा, आता चहा गार झाला तरी मुकाट पिऊन टाकायचा. मला त्या शिव्यांची आठवण यायची. खरंच यायची.

हंगाम सुरू झाला तेव्हा मी छातीठोकपणे सांगितलं, "दादा, तुला घाटात जायची गरजच न्हाई. मी घाट तुझ्या कॉटवर आणतो." त्यानं पहिल्यांदा मान वळवून माझ्याकडं बघितलं. म्हणाला, "चालू असतानाच दिसंल ना? का मागनं?"

"चालू असतानाच," मी म्हणालो. "लाईव्ह म्हंजे लाईव्ह."

जवळच्याच एका गावच्या यात्रेत आमची बारी होती. मी नवा कॅमेरा लावला, चित्र अगदी स्वच्छ, बैलाच्या पापणीचा केस मोजावा असं. माईक हातात आला की मला चेव चढतो. मी दर दोन बाऱ्यांनी भोंग्यावरून ओरडत होतो, "घाटात बसलेल्या समद्या मंडळींनी आपलं चॅनल उघडा, बघा, दुसऱ्याला पाठवा!" आकडा वाढत होता, मी हवेत होतो. आमची बारी सुटली आणि झाली एक नंबर. मी नाचलो. भंडारा उधळला.

घरी काय झालं ते वहिनीनं नंतर सांगितलं. तिनं मोबाईल खिडकीच्या गजाला सुतळीनं बांधला होता. दादा उशीला टेकून बसला होता. आमचा गाडा जुंपणीला आला, बैल दिसले, आणि चक्र फिरायला लागलं. फिरतंय, फिरतंय. तेवढ्यात तिच्या दुसऱ्या फोनवर, बटणाच्या, घाटातून भावकीतल्या कोणाचा तरी हौसेनं फोन आला, "वहिनी, दादाला सांगा, एक नंबर!" त्यानंतर कितीतरी वेळानं स्क्रीनवर बैल दिसले ते उभेच. मग एकदम वर निशाणापाशी गुलाल. मधली बारी गायब.

मी पेढे घेऊन घरी गेलो तर दादा भिंतीकडं तोंड करून झोपलेला. मी म्हणालो, "दादा, रेकॉर्डिंग हाय की. दाखवतो ना आत्ता."

"शिळं नको," तो म्हणाला. "वऱ्हाड जेवून गेल्यावर मांडवात आणून बसवलंस मला." आणि पुढं म्हणाला, "महाळुंग्याची बारी झाली की बैल देऊन टाक. मी काय आता त्यांचा न्हाई आन ते माझे न्हाईत."

 बैल गेले की त्या माणसाला कॉटवरून उठायला कारणच उरणार नव्हतं. आणि तेही माझ्या बढाईपायी. महाळुंगे पडवळच्या यात्रेला दोन आठवडे होते.

मी आधी केलं ते माझ्या स्वभावाप्रमाणे. मोबाईल कंपनीला फोन लावून भांडलो. पलीकडची बाई हिंदीतून इतकी गोड बोलत होती की माझा राग वाया गेला. शेवटी तिनंच विचारलं, आणखी काही सेवा करू शकते का. मी म्हणालो, "न्हाई बाई, झाली तेवढी लई झाली."

मग शेजारी गेलो. आमच्या शेजारचे भाऊ तबकड्यांच्या तिथं तंत्रज्ञ म्हणून नोकरीला आहेत. स्वभावानं शांत, बोलणं कमी, दिवसभर आभाळाचं ऐकायची सवय. मी त्यांच्यापुढं टॉवरच्या, कंपनीच्या आणि सरकारच्या नावानं पंधरा मिनिटं बोटं मोडली. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्या दिवशी तुझं लाईव्ह किती जण बघत व्हते, आन कुठनं?"

मी अभिमानानं मोबाईल काढला. आकडा दाखवला. मग कुठून ते बघितलं, आणि तोंडात मारल्यासारखं झालं. निम्म्याहून जास्त माणसं त्याच घाटात बसून बघत होती. ज्यांच्यापुढून बैल पळत होते ती माणसं! चढावर बसलेल्यांना वरचं निशाण नीट दिसत नाही, म्हणून हातात मोबाईल. आणि त्यांना बघा बघा म्हणून भोंग्यावरून आग्रह करणारा शहाणा कोण, तर मी.

भाऊ म्हणाले, "आता आसं बघ. लग्नात पंगत बसली की वाढपी एक बादली घेतो आन समद्यांना वाढत जातो. बादली एक, माणसं पाचशे, गडबड न्हाई. पन उद्या पाचशे माणसं आपापलं ताट घेऊन चुलीपाशी गेली तर? आचाऱ्याला हात हालवायला जागा ऱ्हायची न्हाई. मोबाईलवर बघणं हे आसं हाय. चित्र एकच, पन टॉवरला दर माणसाचं ताट येगळं वाढावं लागतं. आन तुझं चित्र त्याच टॉवरनं बाहेर जाणार. चुलीपाशी एवढी गर्दी, तुझी बादली बाहेर पडंल कशी?"

"मग टॉवरनं पंगत का बसवू नये?" मी तणतणलो.

"तशी सोय निघालीय. एकदाच सोडायचं, समद्यांनी घ्यायचं, रेडिओसारखं. पन तुझ्या घाटात अजून आलेली न्हाई. येईल. तवर तुझी पंगत तूच बसव."

नाकाला मिरच्या झोंबल्या, पण म्हणणं खरं होतं. इतके दिवस मी कंपनीला शिव्या देत होतो आणि धोंडा मारून घेत होतो माझ्याच पायावर. भाऊंनी आणखी एक गोष्ट सांगितली, ती त्याहून कामाची. "घरातबी तुझी चूक हाय. घर स्लॅबचं, पुढं पत्र्याची पडवी. लहर आत शिरणार कुठनं? आधी रेंज कुठं येती ते शोध, माणूस तिथं बसव. माणूस बसलाय तिथं रेंज आणायला जाऊ नको."

हे काम वहिनीनं केलं. माझी वहिनी सातवी शिकलेली आहे आणि माझ्या दुकानातल्या कोणत्याही यंत्रापेक्षा जास्त चिवट. तिनं मोबाईलवर एक भजनाचा व्हिडिओ लावला, उजव्या हातात मोबाईल, डाव्या हातात शाळेतला खडू, आणि तीन दिवस घरभर, अंगणभर फिरली. भजन अडकलं तिथं फुली. अडखळत चाललं तिथं टिंब. दुपारी वेगळं, संध्याकाळी वेगळं, म्हणून दोन्ही वेळा. भिंती, खांब, तुळशीचा कट्टा, सगळं फुल्यांनी भरून गेलं. शेजारच्या बायका विचारायला लागल्या, कोणी देवरुषी येऊन गेला काय. तिसऱ्या दिवशी सकाळी तिनं मला हाक मारली. गोठ्याच्या पलीकडं, बैलांना पाणी पाजायचा सिमेंटचा हौद आहे, नारायणगावच्या टॉवरच्या बाजूला तोंड करून, वर पत्रा नाही, आड झाड नाही. हौदाच्या कडेला तिनं मोठं वर्तुळ काढलं होतं आणि त्यात उभी राहून ती भजन ऐकत होती. एक अक्षर न तुटता. 

"पण वहिनी," मी म्हणालो, "हौद अंगणाच्या पार त्या टोकाला. गोठा ओलांडून. दादा येतोय व्हय?"

 वहिनीनं वॉकरवरचा टॉवेल काढला आणि घरात दादापुढं वॉकर ठेवून सरळ सांगितलं. मी दाराबाहेरून ऐकत होतो.

"रेंज हौदापाशी हाय. तुमी हितं हाय. दोघांतल्या एकानं उठायचं हाय, आन रेंजला पाय न्हाईत."

 आतून दादाचा आवाज, "मला न्हाई बघायचं."

"नका बघू," वहिनी म्हणाली. "मी बघीन. खुर्ची मात्र दोन मांडीन."

त्या दिवसापासून ती रोज संध्याकाळी हौदापाशी दोन प्लास्टिकच्या खुर्च्या मांडायची आणि एकीवर एकटीच बसायची. दादानं खिडकीतून बघावं म्हणूनच ती ते करत होती, हे मला कळत होतं आणि त्यालाही कळत असणार. तो आला नाही. पण एका संध्याकाळी मी त्याला खिडकीचा गज धरून उभा असलेला बघितला. मला बघून तो लगेच बसला.

महाळुंग्याला मी यात्रेच्या दोन दिवस आधीच गेलो. घाट पालथा घातला. खाली खोलगट भागात रेंज मरत होती, वर निशाणाच्या उजव्या अंगाला एक उंचवटा होता, तिथून लांबचा टॉवर डोळ्यांना दिसत होता. शेजारच्या भाऊंचं आणखी एक वाक्य आठवलं, ज्याला तू बघतोस तो तुला बघतो. कॅमेऱ्यापासून उंचवट्यापर्यंत वायर ओढली. दोन वेगवेगळ्या कंपन्यांची सिमकार्डं घेतली, एक थकलं तर दुसरं. पापणीचा केस दाखवणारं चित्र कमी केलं. साधं केलं, जिथं बैल बैलासारखा दिसतो आणि बारी तुटत नाही. माझ्यासारख्या बढाईखोराला ते किती जड गेलं ते मलाच ठाऊक.

मग पंगत. यात्रेच्या कार्यक्रमासाठी गावानं मोठा एलईडी पडदा आणला होता. यात्रा कमिटीच्या लोकांना मी हात जोडले, हा दिवसा घाटात लावू द्या. वायरीनं सरळ कॅमेऱ्यातून चित्र देतो, टॉवरशी संबंधच नाही, घाटातली सगळी माणसं त्यावर बघतील. एक जण म्हणाला, "बिघडला तर?" मी म्हणालो, "तर मला बैलाऐवजी जुंपा." हसले आणि तयार झाले.

तरीही जीव थाऱ्यावर नव्हता. पडदा लावला तरी माणसं आपापले व्हिडिओ काढून पाठवणार, फोन लावणार. घाटात बाऱ्या पुकारणारे निवेदक दादाच्या जुन्या ओळखीचे. त्याच्या कितीतरी बाऱ्या त्यांनीच पुकारलेल्या. मी त्यांना बाजूला घेऊन सगळं सांगितलं. कॉट, भिंत, हौद, बैल द्यायची भाषा, सगळं.  एवढंच मागितलं, आमच्या बारीपुरते लोकांना मोबाईल बंद ठेवायला सांगा. आणि दादाचं नाव काढू नका, त्याला कीव चालत नाही.

ते म्हणाले, "कीव कुणाला करायचीय? मला माझा जुंपणारा परत पायजे."

वहिनीशी आमची खूण ठरली होती. दादा बाहेर आला तर बटणाच्या फोनवरून एक मिस कॉल. आला नाही तर काही नाही.

सकाळपासून बाऱ्या सुरू झाल्या. पडदा झकास चालला. माणसं मोबाईल खिशात ठेवून पडद्याकडं माना करून बसलेली बघितली आणि मला पहिल्यांदा वाटलं, जमतंय. माझ्या यंत्रावर चित्र बाहेर जाण्याची रेघ एकसारखी वाहत होती. पण फोन गप्प. दुपार झाली, आमची बारी चारावर आली, मग तिनावर, मग दोनावर. चुलतभाऊ खाली बैल घेऊन उभे. मी फोन दर मिनिटाला काढून बघत होतो. मिस कॉल नाही. मनात म्हटलं, झालं. रेंज आली, माणूस आला नाही. इतका राग आला मला दादाचा, की त्या क्षणी तो समोर असता तर पाया पडलो असतो का भांडलो असतो सांगता येत नाही.

पुढची बारी आमची. आणि फोन वाजला. एकदा. बंद झाला.

मी त्या उंचवट्यावर उभा राहून चक्क रडलो. मग निवेदकांना हात वर करून दाखवला.

भोंगा खरखरला. "मंडळी, जरा इकडं ध्यान द्या. आता येणारा गाडा खोडदचा. ह्या गाड्याचा मालक आज घाटात न्हाई, पन बघतोय. हितनं त्याच्यापतूर चित्र जायची वाट बारीक हाय. एका बारीपुरता समद्यांनी आपापला मोबाईल विमानात बसवा. विमानाचं चित्र असतंय ना, ते दाबा. ज्याला जमत न्हाई त्यानं शेजारच्याकडनं दाबून घ्या. आन बारी झाली की कुणी खोडदला फोन करणार न्हाई. लाईव्ह आपल्यापेक्षा अर्धा मिनिट मागं असतंय राव. त्याला त्याच्या डोळ्यानं बघू द्या. मी सेकंद सांगंन ते अर्ध्या मिनिटानं. तवर शिट्टीबी नको!"

आधी हशा पिकला. कोणीतरी ओरडलं, "माझं विमान उडंना!" पण मी वरून बघत होतो. चढावर दोन्ही अंगाला माणसांच्या माना खाली गेल्या, हात हलले. म्हातारे शेजाऱ्यांपुढं मोबाईल धरत होते. एकाला बघून दुसरा, दुसऱ्याला बघून तिसरा. माझ्या यंत्रावरची रेघ, जी सकाळपासून वाहत होती, ती फुगली. पाट मोकळा झाल्यावर पाणी धावतं तशी.

घोडी सुटली. बैल सुटले. माझ्या पायाखालची जमीन थरथरली आणि निशाण पडलं. पडद्यावर सगळ्यांनी बघितलं, धूळ उठली, चुलतभाऊ बैलांमागं धावले. आणि नंतर घाटात जे झालं ते मी जन्मात विसरणार नाही. काहीच झालं नाही. एवढा मोठा जमाव, शर्यत संपलेली, आणि कोणी ओरडलं नाही. हलगीवाल्यानं काडी वर धरून ठेवली. निवेदक घड्याळ हातात घेऊन उभे. सगळा घाट अर्धा मिनिट एका माणसासाठी थांबला होता, आणि तो माणूस तिकडं हौदापाशी बसला होता.

मग भोंग्यावरून सेकंद जाहीर झाले. दोन नंबरात. पहिला नाही. तरी जो आवाज उठला तो पहिल्या नंबराच्या गाड्यालाही मिळाला नसेल.

माझा फोन वाजला. ह्या वेळी मिस कॉल नव्हता. उचलला, कानाला लावला आणि तिकडून तो पहाडी आवाज आला, "आरं कुठल्या गाढवानं जुंपलं? डाव्या बैलाला दोर आखूड घ्यावा लागतो, किती वेळा सांगितलंय? सुटताना मागं वढला त्यो! सेकंद तिथं गेला! तू काय झोपला व्हतास? आन कॅमेरा कुठं लावलास, निशाणापाशी? तिथं धुळीशिवाय काय दिसतंय? पुढच्या वेळी खाली लाव, जुंपणीपाशी. मला जुंपणी बघायचीय!"

मी म्हणालो, "व्हय दादा."  सात महिन्यांनी मला शिव्या पडत होत्या, आणि शिव्यांच्या मधोमध तो "पुढच्या वेळी" म्हणाला होता. त्याचं त्याला कळलं नव्हतं.

संध्याकाळी उन्हं उतरताना बैलांचा टेम्पो अंगणात वळला. मी पुढं बसलो होतो. हौदापाशी दोन खुर्च्या होत्या, आणि दादा एका खुर्चीवर बसलेला होता, वॉकर पुढ्यात, रस्त्याकडं तोंड. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिनं मला डोळ्यानं खुणावलं, काही बोलू नका. नंतर तिनं सांगितलं की तो दुपारपासून तिथंच होता. घरातून हौदापर्यंत यायला त्याला कितीतरी वेळ लागला, दोनदा थांबला, प्रत्येक पावलाला त्यानं टॉवरला, तबकड्यांना, मला आणि तिला शिव्या घातल्या. बारी सुटली तेव्हा हौदाचा काठ धरून उभा राहिला. रस्त्यानं जाणाऱ्या चार माणसांनी विचारलं, दादा कसं हाय आता, आणि चौघांनाही त्यानं डाव्या बैलाच्या दोराबद्दल ऐकवलं.

बैल उतरले तसे पाण्यासाठी थेट हौदावर आले. डाव्यानं आधी पाण्यात तोंड घातलं नाही. आधी दादाच्या खांद्याला हुंगलं. दादानं त्याच्या मानेखाली हात घातला.

मी जवळ जाऊन म्हणालो, "दादा, अंधार पडंल आता. आत चल. बैलांचं मी बघतो."

"बसू दे जरा," तो म्हणाला. "हितं रेंज बरी हाय."

त्याच्या मांडीवर मोबाईल होता. मी तो चार्जिंगला लावावा म्हणून उचलला. तो केव्हाचाच बंद पडलेला होता.